आधी छप्पर, मग गोठा, मग जनावर

पुण्यातून गावच्या जुन्या घरात राहायला जाणारी कुटुंबं बहुतेक वेळा घर लागायच्या आतच गाय नाहीतर दोन-चार शेळ्या आणून बांधतात. मुलांना हौस असते, आजीला घरचं दूध हवं असतं, आणि गोठ्याचं काय, चार पत्रे टाकले की झालं असं वाटतं. मग पहिल्याच पावसात घर गळतं, करडं खोकायला लागतात, आणि घरातली माणसं दोन्हीकडे पळत राहतात. म्हणून आमचा आग्रह: छप्पर आधी, गोठा त्यानंतर, जनावर सगळ्यांत शेवटी. मुळशी, मावळ, वेल्हे, भोरचा घाटाकडचा भाग इथे तर हा क्रम मोडूच नये. पुरंदर-बारामतीकडे पाऊस कमी असल्याने छपराच्या बाबतीत जरा सवड मिळते, पण तिकडे पाणी आणि चारा यांची सोय आधी लावावी लागते.

शाकारणी, म्हणजे कौलं उतरवून, साफ करून पुन्हा रचणं, मेच्या मध्यापर्यंत उरकलेली हवी. त्यानंतर वळवाची सर कधी येईल याचा भरवसा नसतो. मंगलोरी कौलं एका चौरस मीटरला साधारण पंधरा लागतात. म्हणजे ६०० चौरस फुटांच्या उताराला साडेआठशेच्या आसपास, आणि वर फुटतुटीसाठी ५० जास्तीची. वानरांचा वावर असेल तर शंभर ठेवा. जुनी कौलं उतरवली की एकेक हातात धरून बोटाच्या सांध्याने वाजवायचं. खणखणीत वाजलं तर चांगलं. बद्द आवाज आला तर त्यात बारीक तडा आहे, ते बाजूला काढा. खाचेतलं शेवाळ तारेच्या ब्रशने घासून टाकायचं. शेवाळ राहिलं की पाणी खाली न जाता आडवं पसरतं आणि खाचेवरून आत उतरतं. घर गळण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे, आणि लोक मात्र कौल फुटलंय का एवढंच शोधत बसतात.

नवी कौलं आणताना एक गोष्ट ध्यानात ठेवा: वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकींत बसत नाहीत. जुन्या-नव्यांची सरमिसळ केली की प्रत्येक सांधा उघडा राहतो. सगळी जुनी कौलं छपराच्या एका पाख्यावर (उतारावर) आणि सगळी नवी दुसऱ्यावर घालावीत. रीपांमधलं, म्हणजे कौलं ज्यांवर टेकतात त्या आडव्या पट्ट्यांमधलं, अंतरही पुस्तकातून घेऊ नये. हातातल्या कौलांच्या तीन ओळी कोरड्या मांडून बघायच्या आणि त्या मापाने रीपा ठोकायच्या.

वासे वरून कितीही धड दिसले तरी त्यांची भिंतीत गेलेली टोकं तपासलीच पाहिजेत. स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. अर्धा इंच सहज आत गेला तर लाकूड कुजलंय किंवा वाळवीने खाल्लंय. नवा वासा बसवताना त्याचं टोक मातीत गच्च लिंपून टाकू नका, भोवती हवेला बोटभर जागा सोडा. ओली निलगिरी स्वस्त मिळते म्हणून वापरतात, पण ती वाळताना पिळवटते आणि रीपांची सगळी पातळी बिघडते. वळचण मातीच्या भिंतीपासून निदान दोन फूट बाहेर हवी, म्हणजे पागोळ्या जोत्यापासून लांब पडतात. त्या पडतात तिथे उताराचा चर काढून पाणी परसाबाहेर न्यायचं. पश्चिमेची झड थेट भिंतीवर येते. तिथे दरवर्षी ताडपत्री किंवा कारवीची ताटी बांधायला पर्याय नाही.

भिंतींच्या बाबतीत गवंडी हमखास सिमेंटचा गिलावा सुचवतो. मातीच्या भिंतीवर तो करू देऊ नका. मातीची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि पृष्ठभागावरून सोडून देते. वर सिमेंट बसलं की ओल आतच कोंडते, पायाजवळची माती मऊ पडते, आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलाव्याचे तवेच्या तवे भिंतीची माती घेऊन खाली येतात. त्याऐवजी मातीचाच गिलावा करा. आधी माती जोखायची. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून खूप हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, गाळ त्यावर, आणि चिकण माती सगळ्यात शेवटी. चिकण माती फार निघाली तर वाळू वाढवा, नाहीतर भेगा पडणारच. त्यात दोन इंचांचे तुकडे केलेला भाताचा पेंढा आणि थोडं शेण घालून चिखल आठवडाभर मुरवायचा आणि रोज तुडवायचा. या कामात मुलं आनंदाने उतरतात, आणि पायांनी तुडवलेल्या चिखलाची सर फावड्याला येत नाही. भिंत ओली करून पहिला थर खड्डे भरण्यापुरता, तो वाळला की दुसरा पातळ. हे काम फेब्रुवारी ते एप्रिलमध्येच करायचं. मेअखेर लावलेला थर पावसाआधी आतून वाळत नाही.

गोठ्याची मागची भिंत पश्चिमेला घ्या, पूर्व बाजू मोकळी ठेवा. एका गाईला उभं राहायला साधारण चार फूट रुंद आणि साडेपाच-सहा फूट लांब जागा लागते, मागे नाली. जमिनीला चार फुटांत एक इंच उतार पुरतो. त्याहून जास्त दिला तर गाभण गाईच्या मागच्या पायांवर ताण येतो. कोबा गुळगुळीत करू नका, ओला असतानाच त्यावर रेघा ओढून घ्या. गाय घसरून पडली की तिला उभं करणं महाकठीण. मोठ्या शेळीला दहा ते बारा चौरस फूट जागा धरा. पावसाच्या भागात शेळ्यांना जमिनीपासून दोन-तीन फूट उंच फळ्यांचा माचा करावा. फळ्यांमध्ये अर्धा इंच फट ठेवली की लेंड्या आणि मूत खाली जातं, खुरं कोरडी राहतात. करडांचे पाय फटीत अडकतात, त्यांचा कोपरा पेंढा पसरून वेगळा करा.

गोठ्यातली हवा तपासायची तर उभ्याने कळत नाही. सकाळी दार उघडल्याबरोबर गुडघ्यावर बसा, नाक करडाच्या नाकाच्या उंचीवर न्या आणि श्वास घ्या. डोळ्यांत चुरचुरलं तर रात्रभर ते करडू तेच ओढत होतं. न्यूमोनिया थंडीपेक्षा या कोंडलेल्या वाफेने जास्त होतो. उपाय सोपा आहे: पत्र्याखाली दोन्ही बाजूंना हातभर उघडी जाळी. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूरकडे बिबट्याचा वावर आहे, तिथे ही जाळी जाड तारेचीच हवी आणि वरून उघडं काही ठेवू नये. बिबट्याने जनावर मारलंच तर ते हलवू नका, लगेच वनरक्षकाला कळवा. पंचनाम्याशिवाय भरपाई मिळत नाही.

जनावर दिवाळीनंतर आणा. पाऊस सरलेला असतो, भात झोडून पेंढा घरात आलेला असतो. सुरुवात एकदा व्यायलेल्या दोन उस्मानाबादी शेळ्यांनी करावी. चाकणच्या बाजारात जनावर भरपूर दिसतं, पण रोगही तिथूनच येतात, म्हणून नवी शेळी एकवीस दिवस वेगळी बांधा. शेळ्यांच्या लसींत पीपीआर (शेळ्यांचा प्लेग) आणि पावसाळ्याआधी आंत्रविषार (आतड्यांतली विषबाधा) चुकवायच्या नाहीत. गाय असेल तर पावसाआधी घटसर्प आणि फऱ्या, आणि वर्षातून दोनदा लाळ-खुरकत.

भातखाचरांच्या भागात आणखी एक धोका आहे. पाणथळ गवतावर गोगलगायींमार्फत चपट्या कृमी येतात आणि जनावराच्या यकृतात घर करतात. शेळी खात असते तरी वाळत जाते, डोळ्याच्या पापणीची आतली बाजू पांढरी पडते, आणि जबड्याखाली मऊ सूज येते. मेडिकलमधून आणलेलं नेहमीचं जंताचं औषध इथे अनेकदा पुरेसं पडत नाही. लेंडी तपासून डॉक्टरांकडून नेमकं औषध घ्या, आणि शेळी गाभण असेल तर ते आधी सांगा, कारण अल्बेंडाझोल सुरुवातीच्या गाभणकाळात देत नाहीत. सरकारी फिरतं पशुवैद्यकीय पथक १९६२ वर बोलावता येतं. जिल्ह्याच्या पूर्वेकडे कडवळ (चाऱ्याची ज्वारी) लावणाऱ्यांनी किराळीचं, म्हणजे कोवळ्या ज्वारीतून होणाऱ्या विषबाधेचं, भान ठेवावं. कोवळी किंवा पाण्याचा ताण बसलेली ज्वारी फुलोऱ्याआधी खाऊ घालू नये, जनावर तासाभरात दगावू शकतं.

घरच्यांची कामं वाटताना कोण सकाळी सहाला घरी असतो, एवढंच बघा. ऑफिससाठी साडेसातला हिंजवडी गाठायची असेल त्याच्यावर धारेचं काम टाकू नका. दोन धारांमध्ये जवळपास बारा तासांचं अंतर हवं, आणि ते रोज पाळायचं असतं. धार किमान दोघांना यायलाच हवी. गाय एका हाताची सवय लावून घेते आणि दुसऱ्याला पान्हा चोरते, म्हणून पहिल्यापासून आलटून पालटून बसा. पहिल्या दोन चिळा काळ्या फडक्यावर काढायच्या. गुठळ्या दिसल्या तर कासेला दगडी (कासेची सूज, स्तनदाह) सुरू झाली आहे. धार झाली की लगेच वैरण टाका, म्हणजे गाय अर्धा तास उभी राहील. सडांची तोंडं तेवढा वेळ उघडी असतात, आणि ती शेणात बसली की रोग तिथूनच शिरतो.

सात-आठ वर्षांच्या मुलांना कोंबड्यांचं पाणी, अंडी गोळा करणं, करडांना पाला घालणं एवढं द्यावं. दावं धरायला देऊ नये. आजीने कितीही म्हटलं तरी धारोष्ण दूध मुलांना नको, उकळूनच द्या. शेळी गाभडली तर गर्भ आणि वार उघड्या हाताने उचलायची नाही. हातमोजे घालून खोल पुरा, वर चुना टाका. घरातल्या गरोदर बाईने त्या दिवसांत गोठ्याकडे फिरकू नये.

लग्नकार्याला सगळ्या घराने दोन दिवस बाहेर जायचं म्हटलं तर शेळ्या शेजारी सांभाळतात, दुभती गाय सहसा कोणी घेत नाही. तेव्हा गाय आणण्याआधी गावात धार काढणारं एक घर ठरवून ठेवा, आणि त्यांचा हात तिला आधीच आठवडाभर लावून घ्या.