चिआंग माईला चौथ्यांदा

एप्रिलच्या सुट्टीत परत चिआंग माईला चाललेय म्हटल्यावर आई फोनवर म्हणाली, "अगं, चौथ्यांदा? बघितलेलंच परत काय बघायचं?" सिंगापूरहून थायलंड जवळ पडतं हे खरं, पण मी जाते ते त्यासाठी नाही.

पहिल्या खेपेला गेस्टहाउसमध्ये गरम पाणी येईना. मी काउंटरवर आवाज चढवला. तिथली मुलगी हसतमुखाने "खॉ थोत खा", माफ करा, एवढंच म्हणत राहिली. पाणी काही आलं नाही. मला वाटलं, हिला पर्वाच नाही. तिथे चारचौघांत चिडलं की चिडणाऱ्याचीच अब्रू जाते, हे दुसऱ्या खेपेला उमगलं. थाई भाषेत 'चाइ' म्हणजे मन, 'येन' म्हणजे गार. 'चाइ येन येन', जरा शांतपणे घे, असं ते एकमेकांना सतत सांगतात. दुसरा शब्द 'क्रेंग चाइ': आपल्यामुळे समोरच्याला त्रास नको, म्हणून मनात येणारा संकोच. आपली 'भीड' त्याच्या बरीच जवळ जाते. फक्त आपण भिडस्त माणसाची कीव करतो, तिथे तो चांगल्या वळणाचा समजला जातो. अर्थात ही भीड कधी महागातही पडते. तोंडावर 'नाही' कुणी म्हणत नाही, ते चेहऱ्यावरून ओळखावं लागतं. मला अजून नीट जमत नाही.

१३ एप्रिलला तिथे सोंगक्रान, थाई नववर्षाचा सण. शब्द म्हणजे आपलाच 'संक्रांत'. जुन्या शहराभोवतीच्या खंदकातलं पाणी बादल्यांनी एकमेकांवर उडवतात. पहिल्या वर्षी मी तेवढंच पाहिलं आणि तोच सण समजले. तिसऱ्या वर्षी मी उतरले होते तिथली घरमालकीण मला तिच्या आईकडे घेऊन गेली. आजी खुर्चीत बसलेली, दोन्ही हात पुढे. घरातली सगळी एकेक करून गुडघ्यांवर बसत होती आणि चांदीच्या वाटीतलं मोगऱ्याचं पाणी तिच्या तळव्यांवर ओतत होती. वर्षभरातल्या चुकांची माफी मागायची, आशीर्वाद घ्यायचा. माझा नंबर आला. मी पाणी ओतलं. आजी पुटपुटली, त्यातलं एक अक्षर कळलं नाही. मग तिने ओला हात माझ्या केसांवरून फिरवला. थायलंडमध्ये डोकं पवित्र मानतात, परक्याच्या डोक्याला कुणी हात लावत नाही.

परवा घरमालकिणीचा मेसेज आला: आजी विचारतेय, ती भारतातली मुलगी यंदा येणार ना?

तिकीट काढलंय.