लाल दोरा बँकेचा

नोव्हेंबर म्हणजे आमच्या धंद्याची सुगी. साताऱ्यात पोवई नाक्याजवळ माझं छोटं सेवा केंद्र आहे. हयातीच्या दाखल्यासाठी पेन्शनर मंडळी सकाळी आठलाच शटरपुढं येऊन बसतात. त्यात माजी सैनिक पुष्कळ. आमचा जिल्हाच तसला. एकट्या अपशिंग्यातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले, गावाच्या नावाला आजही 'मिलिटरी' लागतं.

२०२३ च्या नोव्हेंबरात एक हवालदार आबा आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, बगलेत चेनची रेक्झिनची पिशवी. मशीन त्यांचा अंगठा घेईना. रिटायर झाल्यापासून तीस वर्षं आल्याच्या सऱ्यांत हात घातलेला माणूस, बोटावर रेघ म्हणून उरली नव्हती. ओल्या फडक्यानं पुसून दहाही बोटं करून पाहिली. मशीन आपलं लाल ते लालच.

मग मोबाइलवर चेहरा घ्यायचं ठरवलं. आबा उठले, टाचा जुळवल्या, छाती काढली आणि कॅमेऱ्याकडं बघत ताठ उभे राहिले.

"आबा, पापणी हलवा. माणूस जिता आहे हे त्याला पापणीवरनंच कळतं."

"फोटोत डोळं मिटायचं न्हाईत, पोरी. पलटणीत वरडा खाल्लाय त्यासाठी."

तीनदा केलं तेव्हा जमलं. मागच्या रांगेत हशा पिकला. मला वाटलं काम झालं, पण आबा हलेनात. "गर्दी कमी हुस्तवर बसतो. माझं दुसरंच काम हाय."

दीडला मी डबा उघडला तेव्हा त्यांनी पिशवी उघडली. आत प्लॅस्टिकच्या कव्हरांत कागद, आणि प्रत्येक कव्हराला वेगळ्या रंगाचा दोरा. लाल दोरा बँकेचा, पिवळा दवाखान्याचा म्हणजे ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड, हिरवा शेताचा सातबारा. पांढऱ्या दोऱ्यात डिस्चार्ज बुक आणि पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद. "मंडळीला वाचायचा सराव न्हाई," ते म्हणाले. "मी गेल्यावर कुनाच्या दारात उभं राहून 'ह्यो कंचा कागद' म्हनून इचारायला नगं."

त्यांच्या पलटणीतल्या एका दोस्ताची बायको नवऱ्यामागं दीड वर्ष एका ऑफिसात खेटे घालत होती. रेकॉर्डला नाव एक, आधारला दुसरं. ते पाहून आबांनी आपले कागद काढले, तर घरातही तीच गत. पीपीओवर बायकोचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं. जन्मतारखेचा तर विचारच नको, पीपीओला १ जून आणि आधारला १ जानेवारी. आपल्याकडं निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनलाच असतो.

असली प्रकरणं मी आठवड्याला एक तरी बघते. फरक एवढाच, की ती घेऊन येते ती विधवा. नवरा स्वतः, धडधाकट, आपल्या मागची फॅमिली पेन्शन अडू नये म्हणून आलेला मी पहिल्यांदाच पाहिला. त्या पेन्शनचा हिशेबही त्यांना पाठ होता, शेवटच्या पगाराच्या ३० टक्के.

बोलता बोलता कळलं, आबा जंगी पलटणीचे, म्हणजे पहिली मराठा. १९६९ ला बेळगावात भरती, ७१ च्या लढाईत बांगलादेशातलं जमालपूर. त्यावर मी विचारलंच. "लई थंडी, आन् ११ डिसेंबरला त्यांनी हत्यारं टाकली," एवढ्यात आटोपलं. पण रजेचा विषय निघाला आणि गडी खुलला. जम्मूहून झेलम एक्स्प्रेसनं पुणं, तिथनं एसटी, डोक्यावर काळी ट्रंक, ट्रंकेत पोरांसाठी अक्रोड. १९७५ ला लग्न, १९९३ ला पेन्शन. "अठरा वर्सं, वर्साला दोन म्हैनं रजा. बारकी रजा सोडली तर तीन वर्सांचा संसार झाला बग. त्यात तीन पोरं. थोरल्यानं पैल्यांदा मला बगून भोकाड पसरलं हुतं."

दुसऱ्या दिवशी बायकोला, आक्कांना घेऊन आले. घरी "आधारचं काम हाय" एवढंच सांगितलेलं. मी प्रतिज्ञापत्राचा मसुदा वाचून दाखवायला लागले, की ही दोन्ही नावं एकाच बाईची आहेत, वगैरे. माहेरचं नाव कानावर पडलं आणि आक्कांनी पदर सावरता सावरता हात थांबवला.

"ह्ये नाव तुमास्नी कुनी सांगितलं?"

"पलटणीच्या कागदावर हेच आहे, आक्का. १९७५ पासून."

त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं. आबा पिवळ्या दोऱ्याची गाठ सोडत बसले होते, जी आधीच सुटलेली होती.

"क्लार्कनं इचारलं, मंडळीला सही येती का," ते खालमानेनं म्हणाले. "म्या म्हनलं येती. मग तो म्हनला, सही करती त्येच नाव लिव. तुला त्येवढंच लिवता येत हुतं न्हवं? दुसरं घातलं असतं तर अंगठाच लावाय लागला असता."

आक्का माहेरी दुसरीपर्यंत शिकलेल्या. सासरी नाव बदललं ते कुणी लिहायला शिकवलंच नाही. बँकेत, रेशनला सगळीकडं अंगठा.

मी पेन पुढं केलं. त्यांनी ते मुठीत धरल्यासारखं धरलं आणि एकेक अक्षर काढत माहेरचं नाव लिहिलं. पाच-सहा मिनिटं तरी लागली. वेलांटी विसरली होती, ती मागं जाऊन घातली. मग आबांना म्हणाल्या, "इतकी वर्सं सांगितलं न्हाई ते?"

"इचारलं न्हाईस."

पुढचं सगळं नेहमीचं. नोटरी, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा शिक्का, आधारला जन्मतारीख दुरुस्ती, मग रजिस्टर पोस्टानं बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला. मध्ये एकदा फोटो नीट नाही म्हणून कागद परत आले, पुन्हा पाठवले. जूनमध्ये स्पर्श या सैनिकी पेन्शनच्या पोर्टलवर दुरुस्ती दिसली तशी मी फोन लावला. आक्कांनी उचलला.

"कंचं नाव आलं?"

"दोन्ही. मध्ये उर्फ घालून."

"बरं झालं. ते रानात गेल्यात, आल्यावर सांगते. आन् काय गं, ह्येला दोरा पांढराच न्हवं?"