युंगफ्राऊवर भेटलेलं सोलापूर

माझं एक मत झालंय, परदेशात गावाकडचं कुणी भेटलं की आपण जेवढं काय योगायोग, काय योगायोग करतो ना, तेवढा तो नसतो. सगळे मे महिन्यात निघणार, सगळ्यांच्या टूर त्याच ठरलेल्या गावांतून फिरणार, मग भेटणार नाहीत तर काय! हिशोबच बघा, 23 माणसं एका खोलीत जमली की त्यातल्या कुठल्यातरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असायची शक्यता निम्म्याच्या वर जाते. आणि आपल्याला काय, शाळेतला, बँकेतला, बायकोच्या माहेरचा, कुणीही चालतो.

तरी त्या वेळेला हा हिशोब सुचत नाही हे खरं. स्वित्झर्लंडमध्ये युंगफ्राऊ डोंगरावर, युंगफ्राऊयोखला 3454 मीटरवर रेल्वे जाते, 1912 पासून, तिथं वर काचेच्या दारापाशी आम्ही कुडकुडत उभे, आणि मागून आवाज, "दार लाव की बे, वारं आत येलालंय!" मी मान न वळवताच विचारलं, सोलापूर का? झालं, मग कुठं राहता, जुळे सोलापूर, तिथं कुठं, आडनाव काय, अमक्याचे कोण, असं करत करत त्यांच्या मेहुण्याची सासू आमच्या वहिनीची मावशी निघाली आणि त्यांच्या पिशवीतनं कडक भाकरी अन् शेंगाचटणी. हाच माणूस सात रस्त्याला सिग्नलवर शेजारी थांबला असता तर मी ढुंकून बघितलं नसतं, हॉर्न वाजवला म्हणून डोळे मात्र वटारले असते.

पण सगळ्यात भारी भेट आमच्या ओळखीच्या एका सूतवाल्यांची. मशिनरी बघायला चीनला गेलेले, तिथल्या मशिनरीवाल्या पार्टीनं शिजियाझुआंगला हिंदुस्थानी पाहुणे म्हणून हौसेनं शहीद स्मारकात नेलं, तर समोर डॉक्टर कोटणीस! आपल्या सोलापूरचे, 1938 ला वैद्यकीय पथकातून चीनला गेले, जखमी सैनिकांची ऑपरेशनं करत राहिले, 1942 ला तिथंच वारले, वय फक्त 32. आमचे हे गृहस्थ भैय्या चौकातनं रोज जाणारे, तिथल्या कोटणीस स्मारकात मात्र कधी पाय ठेवलेला नाही, आणि चीनमध्ये पुतळ्याशेजारी उभं राहून फोटो काढला तो पाक सगळ्या नातेवाईकांना पाठवला.

फक्त एक सांभाळावं लागतं. परदेशात आपल्याला वाटतं इथं कुणाला कळतंय, म्हणून लोकांच्या टोप्यांवर, पोटांवर मोठ्यानं कॉमेंट्री चालू असते. युंगफ्राऊपासून आमच्या हिनं मराठी बंद केली आणि कानडीत बोलायला लागली, माहेर अक्कलकोटकडचं. मी म्हटलं सोलापूरकराला कानडी कळत नाही होय? मग तेलुगू शिकते म्हणाली. घ्या, म्हणजे पुढचा माणूस नेमका सोलापूरच्या पूर्व भागातला, तेलुगू बोलणारा निघणार.