आम्ही पारसनीस, फारसी शून्य

शुक्रवार, रात्री

आज कुरिअरवाल्या मुलाचा फोन. "मॅडम, पार्सलनीस तुम्हीच का?" म्हटलं हो बाबा, आणि पार्सलही माझंच आहे, ये वर. हल्ली चिडत नाही. पारसमणी झालं, परांजपे झालं, "पारशी का तुम्ही? पण मराठी काय छान बोलता!" हेही ऐकून झालं. माहेरची मी कुलकर्णी. तिकडे आयुष्यात कुणी आडनाव दोनदा विचारलं नव्हतं. लग्न झालं आणि प्रत्येक खिडकीपाशी पा-र-स-नी-स असं फोड करून सांगायची सवय लागली.

संध्याकाळी पुतणीने विचारलं, "काकू, पारस म्हणजे परीस ना?" ऑफिसात तिने तसं ठोकून दिलं होतं म्हणे. परीस वगैरे काही नाही गं. फारसनवीस, त्याचं पारसनीस. फारसीत नवीस म्हणजे लिहिणारा. दरबाराचा फारसी पत्रव्यवहार ज्याच्याकडे, तो पारसनीस. थोडक्यात काय, कारकून. जरा बऱ्यापैकी दर्जाचा, पण कारकूनच.

हे 'नीस' घराणं मोठं आहे. फडणीस, चिटणीस, सबनीस, पोतनीस, जमेनीस, खासनीस, कारखानीस. कोण हिशोबाचे कागद सांभाळी, कोण पत्रं लिही, कोण खजिन्याची नोंद ठेवी. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या गडांची व्यवस्था दिली आहे. एका हवालदाराच्या हाती गड द्यायचा नाही, त्याच्या जोडीला सरनोबत, सबनीस आणि कारखानीस. सबनिसाकडे हजेरी आणि जमाखर्च, कारखानिसाकडे धान्य आणि सामानसुमान. एकाने फितूर व्हायचं मनात आणलं तरी बाकीचे जागे राहावेत, ही त्यातली मेख. तलवार हवालदाराच्या हाती असली तरी पावती लागायचीच. आणि मी आत्ता लिहितेय ती रोजनिशीही याच 'नवीस'ची. सरकारी कचेरीतली आवक-जावक बारनिशीही तीच. म्हणजे आडनाव पारसनीस नसतं तरी रात्रीचा हा उद्योग खानदानीच म्हणायचा.

आमचं आडनाव इतकं दुर्मीळ का, याचा मी माझ्यापुरता एक हिशोब मांडलाय. जितक्या जागा तितकी आडनावं. गावागणिक एक पाटील आणि एक कुलकर्णी, म्हणून ती दोन आडनावं दगड मारू तिथे सापडतात. देशमुख-देशपांडे परगण्याचे, म्हणजे पुष्कळ गावांत मिळून एक. फडणीस लहानमोठ्या सरदारांच्या पदरीही असायचे, कारण हिशोब कुणाला चुकलाय? पण फारसी लिहिणारा माणूस पोसायची गरज कुणाला? ज्याला दिल्लीच्या बादशहाशी किंवा निजामाशी बोलायचंय त्याला. असे दरबार मोजकेच, म्हणून आम्हीही मोजकेच. माझ्या माहेरच्या आणि सासरच्या आडनावांतलं अंतर म्हणजे जुन्या काळचा आस्थापना तक्ता आहे झालं.

काम मात्र नाजूक होतं. फारसी पत्रात मजकुराआधी पदव्यांची माळ यायची. समोरच्याचा हुद्दा काय, आपला काय, त्याप्रमाणे अलकाब म्हणजे संबोधनं ठरलेली. एक पदवी कमी पडली की अपमान, एक जास्त झाली की आपण वाकलो असा अर्थ. मग ते पत्र जरीच्या थैलीत घालून, वर मोहोर लावून रवाना. मराठीत पत्राच्या सुरुवातीला आपण 'मायना' लिहितो तो शब्दही तिकडूनच आला. आज नवऱ्याला साधा सोसायटीच्या सेक्रेटरीला अर्ज लिहायचा तर 'महोदय' की 'माननीय' यावर अर्धा तास जातो. रक्तातच असावं.

मला खरी गंमत वाटते ती पुढची. राज्याभिषेक १६७४ चा. त्यानंतर महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला. दरबारातले फारसी-अरबी शब्द काढून त्यांच्या जागी संस्कृत शब्द आणायचे, हा त्याचा हेतू. कोशात सुमारे १४०० शब्द आहेत. अष्टप्रधानांचीही नावं बदलली: मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबीराचा सुमंत. राज्याने एवढं मनावर घेतलं, आणि लोकांनी? वरच्यांची काही संस्कृत नावं टिकली. भोरचे पंतसचिव, बावड्याचे पंतअमात्य. खालच्या टेबलावरचे आम्ही सगळे मात्र फारसीच राहिलो. पुढे पेशवाई आली तरी फडणीस ते फडणीसच. कागदावरची भाषा हुकमाने बदलत असेल, पण ज्या नावाने वतन आणि पगार मिळतो ते नाव कोण सोडील? त्यात मला काही लाज वाटण्यासारखं दिसत नाही. आडनावावरून शुद्ध-अशुद्ध काढणाऱ्यांनी आधी शाई, कागद, दौत आणि तारीख हे शब्द न वापरता एक ओळ लिहून दाखवावी.

बरं, ही मूळची आडनावंही नव्हेत. महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी हे चित्रे. नाना फडणवीस हे वेळासचे भानू, सही करायचे ती 'बाळाजी जनार्दन'. हुद्दा बापाकडून मुलाकडे जाई, म्हणून दोन-तीन पिढ्यांत तोच घराला चिकटला आणि जुनं नाव मागे पडलं. त्यामुळे दोन फडणीस भेटले म्हणजे ते भाऊबंद असतीलच असं नाही. एकच आडनाव वेगवेगळ्या जातींत सापडतं ते यामुळेच. नागपूरकडे गेलं की तर लांबीही वाढते. तिकडे चिटणवीस, फडणवीस असा अख्खा 'नवीस' जपलाय. आपण पुण्या-साताऱ्याकडे तोंडातल्या तोंडात गिळून 'नीस' केला. घाई फार.

१८१८ ला पेशवाई बुडाली. कंपनी सरकारच्या कारभारात फारसी होती तोवर या विद्येला काही किंमत होती. १८३७ च्या कायद्याने न्यायालयांतून आणि महसुलातून फारसी उठली, तसं पारसनीस हे नुसतं आडनाव उरलं.

त्या आडनावाचं चीज केलं ते साताऱ्याच्या दत्तात्रेय बळवंत पारसनीसांनी (१८७०–१९२६). झाशीच्या राणीचं चरित्र त्यांनी १८९४ मध्ये काढलं, पुढे 'इतिहाससंग्रह' हे मासिक चालवलं, किंकेड या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर मराठ्यांचा इंग्रजी इतिहास तीन खंडांत लिहिला. पण मला आवडतो तो त्यांचा गोळा करण्याचा नाद. जुने कागद, चित्रं, नकाशे, मिळेल ते. वाईजवळ मेणवलीला नानांच्या वाड्यातलं दप्तर होतं, तेही त्यांनी मिळवलं. फडणीसाचे कागद शेवटी पारसनिसाच्या हाती! एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फाईल जावी तशी. साताऱ्यात त्यांनी उभारलेला संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला. पुतणी रोज त्या रस्त्याने ऑफिसला जाते, कधी आत डोकावलेली नाही. या रविवारी तिला घेऊन जाणार आहे.

हे सगळं तिला व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक लिहून पाठवलं. तिचं उत्तर आलं, "मग आपलं आधीचं आडनाव काय गं?" झालं! या प्रश्नावरून आमच्या घरात सासरे आणि चुलत सासरे यांच्यात वर्षानुवर्षं जुंपायची. सासऱ्यांचं एक, चुलत सासऱ्यांचं दुसरं, आणि पुरावा म्हणून दोघांकडेही एकच शब्द, "आजोबा सांगायचे." आता पुतणीसाठी स्थळं बघायला सुरुवात झालीय. परवा एका बाईंनी फोनवर पहिलाच प्रश्न टाकला, "कुठले पारसनीस हो तुम्ही?" दिरांनी गोत्र सांगितलं, कुलदैवत सांगितलं, गाव सांगितलं. बाईंचं समाधान होईना. शेवटी त्यांनी माझं माहेर विचारलं. कुलकर्णी म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग कुठले कुलकर्णी?"