सांगली ते शिकागो: लांबच्या विमानात सीट, कोपर, गुडघे आणि शेजारी

ताईच्या बाळंतपणासाठी आई-बाबांना शिकागोला सोडून आलो. आपल्या सांगली-मिरज-तासगाव भागातनं आता बऱ्याच घरातलं कोण ना कोण तिकडं आहे, साठी-सत्तरीतले आईवडील पहिल्यांदाच एवढ्या लांब निघतात, त्यांना व्हिसा, इन्शुरन्स, बॅगेचं वजन हे सगळं सांगणारे ढीगभर भेटतात पण चौदा-पंधरा तास अनोळखी माणसाच्या खांद्याला खांदा लावून बसायचं कसं हे कुणी सांगत नाही. विमानात बरीच भांडणं त्यावरनंच होतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी मुंबईपर्यंतचं थोडक्यात. दुपारी जेवून विश्रामबागहून गाडी काढली, पेठ नाक्याला हायवेला लागलो. कराड-सातारा पट्ट्यात सहापदरीकरणाची कामं चालू असतात त्यामुळं वेळ हात राखून धरा, खंबाटकीत ट्रक अडकला की तास कुठं गेला कळत नाही. महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्री निघून सकाळी मुंबईला पोचता येतं पण आमचं विमान पहाटेचं होतं, म्हणजे आख्खा दिवस मुंबईत काढायला लागला असता, म्हणून गाडीच बरी वाटली. वयस्कर माणसांना व्हीलचेअर हवी असेल तर तिकीट काढतानाच सांगून ठेवा, किमान ४८ तास आधी तरी. आत आधी सोडतात, उतरताना मात्र सगळ्यात शेवटी, त्यामुळं मधे विमान बदलायचं असेल तर कनेक्शनला वेळ भरपूर ठेवा.

आता मूळ विषय. आम्ही तिघांच्या सीट पैसे भरून शेजारी-शेजारी घेतल्या होत्या. आखातातनं पुढं शिकागोला जाणारं विमान कंपनीनं बदललं आणि नव्या नकाशात आमची फाटाफूट झाली: आई खिडकीला, मी त्याच ओळीत आयलला म्हणजे चालायच्या वाटेकडच्या सीटवर, आमच्या दोघांच्या मधे एक परका मुलगा, आणि बाबा पाच-सहा ओळी पुढं, मधल्या चारच्या रांगेत, तेही आतल्या सीटवर. बाबांना बीपीची गोळी आहे, ती पाणी काढणारी, त्यामुळं त्यांना दर दीड-दोन तासानं उठावं लागतं. काउंटरवर सांगितलं, गेटवर सांगितलं, विमान फुल होतं, म्हणाले आत गेल्यावर क्रूला विचारा. त्या भरलेल्या पैशांचा रिफंड मागता येतो, तो अर्ज जरूर करा, पण त्या वेळेला प्रश्न पैशांचा नसतो.

बाबा एसटीत कंडक्टर होते, नोकरी सगळी सांगली डेपोत गेली. खिडकीतनं रुमाल टाकून धरलेल्या जागेवरनं होणारी भांडणं त्यांनी आयुष्यभर सोडवली. विमानात शिरल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आधी बसू नको, आधी विचार. आणि विचारताना त्याला काय मिळतंय ते पहिलं सांग, तुला काय पाहिजे ते नंतर.

हे मला फार पटलं. कारण लोक काय करतात, दुसऱ्याच्या सीटवर ऐसपैस बसतात, बॅग वर टाकतात, चप्पल काढतात, आणि तो माणूस आला की म्हणतात तुम्ही जरा तिकडं बसा ना, आमची फॅमिली आहे. त्यानं कदाचित त्या आयल सीटसाठी जादा पैसे भरलेले असतात. तो नाही म्हणाला तर तो वाईट ठरतो. हे अजिबात बरोबर नाही. सीट बदलून मागायची तर तेवढीच चांगली किंवा त्याहून चांगली सीट द्यायची, आयलला आयल, खिडकीला खिडकी, आणि आपल्याकडं मधली असेल तर मागायचं ते मधलीवाल्याकडंच. समोरच्यानं नाही म्हटलं तर ‘ठीक आहे’ म्हणून गप्प आपल्या जागी जायचं, तोंड वाकडं करायचं नाही.

आम्ही मधल्या मुलाला विचारलं, तुला खिडकी चालेल का? तो लगेच खूष. मग आई मधे, बाबा माझ्या आयलला, आणि मी बाबांच्या जागेवर. पाच मिनिटांत काम झालं, आणि लोक चढत असतानाच झालं, दारं बंद व्हायच्या आत. एअर होस्टेसला सांगून ठेवलं, कारण आईचं जेवण स्पेशल मागवलेलं होतं आणि ते सीट नंबरवर येतं.

आता माझी नवी जागा. चार सीटच्या रांगेत ए, बी, सी सोडून पुढची डी आयलची, ई आणि एफ आतल्या, जी परत आयलची. मी ई वर. डी वर सुरतचे एक काका, चांगले धिप्पाड, मांडी आर्मरेस्टच्या, म्हणजे हात टेकायच्या दांड्याच्या, खालनं माझ्या सीटवर आलेली आणि खांदा तर बराच आत. ते बिचारे स्वतःच अंग चोरून बसलेले, दोन्ही हात पोटावर बांधून. अशा वेळी लोक दोन गोष्टी करतात, एकतर काही न बोलता कोपरानं ढकलाढकली करत बसतात नाहीतर एकदम क्रूला बोलावून त्या माणसासमोरच तक्रार करतात. दोन्हीत अपमान होतो आणि पंधरा तास शेजारी तोच असतो. मी सरळ त्यांच्याशीच बोललो, हिंदीत, अंकल, जागा दोघांनाही कमी आहे, आपण कसं करूया? ते म्हणाले मला दोन सीट हव्या होत्या पण बुकिंगवेळी कुणी नीट सांगितलं नाही.

मग एका एअर होस्टेसनं एक गोष्ट दाखवली जी प्रत्येकानं लक्षात ठेवण्यासारखी आहे. आयलच्या बाजूचा आर्मरेस्ट बऱ्याच विमानांत वर होतो, पण त्याचं बटण दिसत नाही, ते खाली मागच्या बाजूला, बिजागरीजवळ असतं, बोटानं चाचपून दाबलं की दांडा वर जातो. तो वर केला आणि काका तेवढे आयलकडं सरकले, माझा खांदा मोकळा झाला. टेकऑफ-लँडिंगला तो खालीच लागतो, आणि ट्रॉली येताना त्यांना आत व्हायला लागायचं. आमच्या दोघांतला दांडा जेवताना खाली, झोपताना वर, असं ठरलं. अंग मोठं असेल, किंवा घरातल्या तशा माणसाचं तिकीट काढत असाल तर कंपनीला फोन करून त्याच नावावर दुसरी सीट घेता येते का ते विचारा, बऱ्याच कंपन्या देतात, पण ऑनलाइन फॉर्मवर ते धड दिसत नाही.

जागा मुळातच किती आहे तेही सांगतो म्हणजे शेजाऱ्यावर राग कमी येईल. बोइंग ७७७ पहिल्यांदा १९९५ साली प्रवाशांना घेऊन उडालं तेव्हा इकॉनॉमीत बहुतेक कंपन्या एका ओळीत नऊ सीट बसवायच्या. आता त्याच रुंदीत बऱ्याच ठिकाणी दहा असतात, तीन-चार-तीन, म्हणून सीट साधारण १७ इंचाची झाली. एअरबस ए ३५० मधे नऊच्या ओळीत ती १८ च्या आसपास असते. ऐकायला एक इंच, पण रात्रभर खांद्याला कळतं. पुढच्या सीटपासून मागच्या सीटपर्यंतचं अंतर, त्याला पिच म्हणतात, ते साधारण ३१-३२ इंच असतं, पण त्यात सीटची स्वतःची जाडीही आली, ते सगळं गुडघ्यांना मिळत नाही. अमेरिकेत २०१८ साली कायदा करून विमान खात्याला सीटचं किमान माप ठरवायला सांगितलं होतं, २०२२ साली त्यावर लोकांची मतंही मागवली. म्हणजे त्रास तुम्हालाच होतोय असं समजू नका, आणि ज्याच्याशी तुम्ही भांडताय त्यानं ती सीट बनवलेली नाही.

आर्मरेस्टचं गणित असं. तीन सीटला चार दांडे, कोपरं सहा. खिडकीवाल्याला भिंत आहे टेकायला, आयलवाल्याला बाहेरची बाजू मोकळी, म्हणून मधल्याला दोन्ही दांडे द्यायचे. चारच्या रांगेत आतल्या दोघांनी आपापल्या आयलवाल्याकडचा दांडा घ्यायचा आणि दोघांमधला वाटून, एकानं पुढं कोपर, दुसऱ्यानं मागं. मी आणि एफ वरची मुलगी, एमएस करायला निघालेली, आम्ही न बोलताच असं केलं.

सीट मागं टाकण्यावरनं मात्र आईच्या बाबतीत जे झालं ते नीट सांगतो. आईचं एशियन व्हेज जेवण आधी सांगितलेलं होतं. स्पेशल जेवणं सगळ्यांच्या आधी येतात. म्हणजे आईच्या ट्रेवर भात-डाळ आली तेव्हा पुढच्या रांगेतल्या पोराला अजून काहीच आलेलं नव्हतं, तो हेडफोन लावून, टोपी डोळ्यावर ओढून सीट पूर्ण मागं टाकून पडलेला. सीट मागं असताना ट्रे इतका जवळ येतो की मान खाली घालून खाता येत नाही, घास आडवा तोंडात न्यावा लागतो. त्यात तो कूस बदलायला हलला आणि डाळीची वाटी कलंडली, पातळावर. आई काही बोलली नाही, रुमालानं पुसत बसली. बाबा उठले, पुढच्या पोराच्या खांद्याला हलकं बोट लावलं आणि ताईनं फोनवर पाठ करून घेतलेलं वाक्य म्हणाले, ‘प्लीज, सीट अप, शी इज ईटिंग.’ पोरगा दचकून उठला, सॉरी सॉरी म्हणाला, सीट सरळ केली. पुढच्या जेवणाला त्यानं स्वतःच मागं वळून बघितलं.

माझं मत स्पष्ट आहे. सीट मागं टाकायचा हक्क आहे, तिकिटात तो येतो, रात्रीच्या विमानात ताठ बसून झोप लागत नाही. पण टाकायच्या आधी एकदा मागं बघायचं, हळू टाकायची, आणि जेवण चालू असताना, फक्त आपलं नव्हे तर मागच्याचंही, सरळ ठेवायची. मागच्यानंही सीटला गुडघे लावून दाबायचं नाही, पाय मारायचा नाही, आणि उठताना पुढच्याची सीट धरून ओढायची नाही. आपल्या वयस्कर माणसांची ही सवय असते आणि पुढचा झोपलेला माणूस दर वेळी हिसक्यानं जागा होतो. बाबांना मी आधीच सांगितलं होतं की आपल्याच आर्मरेस्टवर जोर देऊन उठायचं.

२०१४ च्या ऑगस्टमधे अमेरिकेत नेवार्कहून डेन्व्हरला जाणारं विमान मधेच शिकागोला उतरवावं लागलं होतं. एकानं पुढची सीट मागं येऊ नये म्हणून ट्रेला प्लॅस्टिकचे अडसर लावले, पुढच्या बाईनं त्याच्या अंगावर पाणी फेकलं. दोघंही जास्त पायजागेच्या महागड्या सीटवर होते! त्यामुळं असले अडसर घेऊन जाऊ नका, बऱ्याच कंपन्या चालवून घेत नाहीत. आपल्याकडं डीजीसीएचे, म्हणजे आपल्या विमान वाहतूक खात्याचे, २०१७ चे नियम आहेत, नुसती तोंडी दमदाटी केली तरी तीन महिन्यांपर्यंत विमानबंदी, हात उचलला तर सहा महिन्यांपर्यंत, आणि जिवाला धोका होईल असं काही केलं तर किमान दोन वर्षं. एका इंचासाठी हे घेऊ नका.

सीट निवडताना आईवडिलांसाठी काय बघायचं ते सांगतो. पहिली भिंतीसमोरची रांग लोकांना पायजागेसाठी आवडते, पण तिथं ट्रे आर्मरेस्टच्या आत असतो, म्हणून दांडा वर होत नाही आणि सीट आणखी अरुंद लागते, शिवाय लहान बाळांचे पाळणे तिथंच लावतात. एमर्जन्सी दाराच्या रांगेत वयस्कर किंवा मदत लागणाऱ्या माणसांना बसू देत नाहीत, पैसे भरले असले तरी उठवतात. जोडप्यासाठी सगळ्यात चांगलं म्हणजे काही ७७७ मधे शेपटीकडं विमान निमुळतं होतं तिथल्या दोन-तीन ओळींत खिडकीकडं दोनच सीट असतात. टॉयलेट जवळ, गर्दी थोडी होते, पण तिसरा माणूस नाही. काही सीटखाली स्क्रीनचा धातूचा डबा असतो, एक पाय सरळ होत नाही, सीटचा नकाशा बघताना तेवढं तपासा.

पायाशी पिशव्या ठेवू नका. भडंग, शेंगाची चटणी, मेतकूट सगळं आपण आईच्या पायाशी कोंबतो, आणि मग तिचे पाय शेजाऱ्याच्या जागेत जातात. वर कप्प्यात टाका किंवा चेक-इनमधे द्या, खाली फक्त गोळ्या, चष्मा आणि शाल. भडंग विमानात खायचंच असेल तर घरीच डब्यात काढून न्या, रात्री सगळे झोपलेले असताना प्लॅस्टिकच्या पुड्याचा आवाज दोन ओळी ऐकू जातो. पाय हलवणं मात्र सोडू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अभ्यासात चार तासांपेक्षा जास्त एका जागी बसून प्रवास केला की पायाच्या शिरेत गुठळी व्हायचा धोका साधारण दुप्पट होतो असं आलं होतं. तरी तो एकूण कमीच असतो, पण गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असेल, व्हेरिकोज म्हणजे पायाच्या शिरा फुगलेल्या असतील तर डॉक्टरांना विचारून लांब घट्ट मोजे घ्या. आतल्या सीटवर असाल तर आयलवाला उठला की त्याच्याबरोबर आपणही उठून एक चक्कर मारून यायचं. काका उठले की मी उठायचो, त्यामुळं एकदाही त्यांना झोपेतनं उठवायला लागलं नाही.

आई-बाबांच्या परतीला मी बरोबर नसणार. त्यांच्या दोन सीट शेपटीकडच्या दोनच्या ओळीत घेतल्यात आणि अधनंमधनं बुकिंग उघडून विमान बदललंय का ते बघतो, बदललं असेल तर त्याच दिवशी कंपनीला फोन करायचा, चेक-इनपर्यंत थांबायचं नाही.