तेजोमेघाची खोली फोटोत दिसत नाही

रिंग नेब्युला, म्हणजे एम५७ हा अंगठीसारखा दिसणारा तेजोमेघ, त्याचा हबल दुर्बिणीने काढलेला फोटो सगळ्यांनीच बघितलाय. मला मात्र त्याचा स्पेक्ट्रम, म्हणजे प्रकाश रंगांत फोडल्यावर दिसणाऱ्या चमकत्या रेघा, जास्त आवडतो, आणि असं म्हटलं की लोक विचारतात त्या रेघांमध्ये बघण्यासारखं काय आहे. तर सांगतो.

फोटोत सगळं सपाट दिसतं, वायू पुढे किती नि मागे किती काही कळत नाही, आणि दोन-अडीच हजार प्रकाशवर्षं लांबच्या वस्तूला बाजूने जाऊन बघणं तर शक्यच नाही. पण एम५७ सारखे हे प्लॅनेटरी नेब्युला, म्हणजे मरणाऱ्या ताऱ्यांनी बाहेर टाकलेला वायू, फुगत असतात, साधारण सेकंदाला २०-३० किमी वेगाने, त्यामुळे अलीकडची बाजू आपल्याकडे येतेय आणि पलीकडची लांब चाललीय, मग डॉप्लरमुळे, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या वस्तूच्या प्रकाशाची तरंगलांबी बदलते त्यामुळे, एका रेघेच्या दोन होतात, एक निळ्याकडे सरकलेली, एक लालकडे. ऑक्सिजनची ती प्रसिद्ध हिरवी रेघ ५००७ अँगस्ट्रॉमला (हे तरंगलांबीचं एकक) असते, २० किमी वेगाला ती जेमतेम ०.३३ अँगस्ट्रॉम सरकते! स्पेक्ट्रम काढणाऱ्या यंत्राची स्लिट, म्हणजे प्रकाश आत घेणारी बारीक फट, तेजोमेघाच्या बरोबर मधोमध ठेवली की रेघ मध्ये फाटलेली आणि दोन्ही टोकांना परत जुळलेली दिसते, थेट डोळ्याचा आकार, कारण कडेचा वायू आडवा पळतोय, तो आपल्या दिशेने येतही नाही नि जातही नाही. वायू मध्यापासून जितका लांब तितका वेगात असं धरलं की वेगावरून खोली काढता येते. २०१३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ ओडेल आणि सहकाऱ्यांनी हबलचे फोटो आणि जमिनीवरून मोजलेले वेग एकत्र करून दाखवलं की एम५७ च्या मधलं भोक रिकामं नाहीच, त्यात रग्बीच्या बॉलसारखा लांबट विरळ वायू आहे, टोक जवळजवळ आपल्याकडे केलेला.

ही हिरवी रेघ खगोलशास्त्रज्ञ हगिन्सने १८६४ ला पहिल्यांदा पाहिली, ती ऑक्सिजनची आहे हे भौतिकशास्त्रज्ञ बोवेनने १९२७ ला सांगितलं, तोवर लोक 'नेब्युलियम' नावाचं नवीन मूलद्रव्य धरून बसले होते.

आपल्या सोलापूर भागाशी पण याचा संबंध आहे बरं का. 'प्लॅनेटरी' हे नाव खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलचं, आणि त्याचा नातू लेफ्टनंट जॉन हर्शेल १८६८ च्या खग्रास ग्रहणाला स्पेक्ट्रोस्कोप घेऊन जमखंडीला होता, सोलापूरहून विजापूरच्या पुढे गेलं की जमखंडी! दक्षिण आकाशातल्या तेजोमेघांचे स्पेक्ट्रमही त्याने भारतातूनच बघितले, हे फार कमी जणांना माहीत असतं.

स्वतः बघायचं असेल तर पाऊस संपल्यावर बार्शी रोडने नान्नजच्या बाजूला, शहराच्या उजेडाबाहेर जा, कुंभ राशीतला एनजीसी ७००९ शोधा (हा आजोबा हर्शेलने १७८२ ला शोधलेला) आणि दुर्बिणीच्या आयपीसवर ग्रेटिंग (प्रकाश रंगांत फोडणारी बारीक रेघांची काच) लावा. आजूबाजूच्या ताऱ्यांचे लांब पट्टे होतात आणि हा एकटा ठिपकाच राहतो, कारण त्याचा बहुतेक प्रकाश त्या दोन-चार रेघांतच आहे. रेघ फाटलेली मात्र यात दिसणार नाही, त्याला मोठ्या दुर्बिणीवरचा हाय रिझोल्युशन स्पेक्ट्रोग्राफच लागतो. ऑक्टोबरच्या अमावस्येला आम्ही जाणार आहोत, आठ इंची डॉब (डॉब्सोनियन दुर्बीण) असेल कुणाकडे तर नक्की घेऊन या.