दहा दिवसांचा रिपोर्ट: आमची वाटचाल

वीजकेंद्रातली कोळशाची राख विटांना चालेल का, हे तपासणारी खापरखेड्याजवळची आमची प्रयोगशाळा सुरू झाली ती मफल भट्टी (नमुना जाळायची बंद भट्टी), ४५ मायक्रॉनची बारीक चाळणी आणि ५० अंशांची दमट पेटी एवढ्यावर. नाव झालं ते पेटीमुळे, आणि टाळं लागायची वेळ आली तीही तिच्यामुळेच.

राखेतली सगळी सिलिका, म्हणजे वाळूत असतो तो घटक, कामाची नसते. क्वार्ट्झ आणि मुलाइट या स्फटिकांमधली चुन्याला दाद देत नाही; वितळून झटकन थंड झालेल्या काचेतलीच चुन्याशी बांधली जाते. म्हणून सिलिका, ॲल्युमिना, लोह मिळून ७० टक्के भरले तरी वीट पक्की होईलच असं नाही. एका प्रतिस्पर्ध्यानं मात्र तीच बेरीज छापून दोन दिवसांत रिपोर्ट द्यायला सुरुवात केली. गिऱ्हाईक तिकडे वळलं. हे आजही सलतं.

आम्ही राख चुन्याशी किती घट्ट बांधली जाते हे प्रत्यक्ष करून बघायचो, त्याला दहा दिवस लागत. चुना, राख, वाळू १ : २एम : ९, एम म्हणजे राखेची विशिष्ट घनता (पाण्याच्या किती पट जड) भागिले चुन्याची. राखेत पोकळ गोळ्या जास्त असल्या की घनता उतरते, म्हणून एम दर नमुन्याला नव्यानं काढायचा. ५० मिमीचे ठोकळे दोन दिवस ओल्या पोत्याखाली, आठ दिवस पेटीत, मग दाबयंत्र. ठोकळ्यानं फुटण्याआधी किमान ४.५ न्यूटन प्रति चौरस मिमी दाब पेलायला हवा.

त्या उन्हाळ्यात लागोपाठ नमुने ३ च्या आत येऊ लागले. आम्ही नापास लिहीत गेलो, लोकांचे ट्रक परत गेले. भंडाऱ्याकडच्या आमच्या जुन्या विटावाल्या भाऊंनी एकाच हॉपरची (राख साठणाऱ्या नरसाळ्याची) राख दोन गोण्यांत, दोन नावांनी, आठवड्याच्या अंतरानं दिली. एक ५.१, दुसरी २.९. दोन्ही कागद त्यांनी टेबलावर शेजारी ठेवले आणि काही बोलले नाहीत. भारनियमनात पेटी रात्रभर थंड पडत होती आणि ठोकळे कच्चे राहत होते. सकाळी आम्ही बघायचो तेव्हा काटा परत ५० वर. तापमान नोंदणारा थर्मामीटर आणि बॅटरी बसवली, नापास केलेले सगळे नमुने फुकट पुन्हा केले.

राख ईएसपीच्या (धुरातली राख विजेनं पकडणाऱ्या यंत्राच्या) हॉपरखालची कोरडीच घ्या, राखेच्या तळ्यातली नको. काळपट दिसली तर आधी ज्वलनहानी (जाळल्यावर घटणारं वजन, म्हणजे मुख्यतः न जळलेला कोळसा) बघा, ५ टक्क्यांच्या वर गेली की सोडा. आणि मूस (नमुना जाळायची वाटी) भट्टीतून काढली की डेसिकेटरमध्येच, म्हणजे हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यातच, थंड करा. पावसाळ्यात ती उघड्यावर ओल पकडते, वजन वाढतं आणि कोळसा खरा असतो त्याहून कमी दिसतो.